संत्रं फोडलं की माघार नाही

या व्यवहारातून प्रभाकररावांना मिळायचं होतं ते असं: मोबाईलच्या पडद्यावर स्वतःचं नाव, शेजारच्या रघुनाथरावांच्या चेहऱ्यावर जळफळाट, मेहुणी सुधाबाईंच्या तोंडून "भाऊजी, तुम्ही तं कमाल केली", आणि खुद्द बायकोच्या, म्हणजे नलिनीबाईंच्या तोंडून, जमलं तर, "माझं चुकलं". शेवटची बाब वसूल होईल अशी त्यांना फारशी आशा नव्हती, पण अंदाजपत्रकात ती धरलेली होती. पैशांचा विषय त्यांनी मोठ्या मनानं काढूच दिला नाही. "सौरभ घरचा पोरगा आहे, त्याच्याशी काय हिशोब?" असं ते म्हणाले होते. सौरभनंही लगेच मान डोलावली होती. एवढ्या लगेच डोलावली, की तेव्हाच शंका यायला हवी होती.

प्रभाकरराव सौंसरच्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात किंवा नातवंडांना लागतात. यांनी एक खेळ रचला. नाव 'बगीचा'. जाड पुठ्ठ्यावर रंगवलेला पट, त्यावर संत्र्याची झाडं, मधून जाम नदी, एका कोपऱ्यात जामसांवलीचा मारुती. सोंगट्या म्हणून रंगवलेले चिंचोके. गारपिटीची चिठ्ठी निघाली की बगीचा अर्धा झोपायचा, आणि सोंगटी मारुतीच्या घरात पोचली की ती गारपीट माफ व्हायची.

पण ही झाली सजावट. खेळाचा जीव होता दुपट्ट्यात. आमच्याकडे झाडावरच्या संत्र्याचा सौदा जुनी माणसं चारचौघांत बोलून करत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. बोट शंभराचं की हजाराचं, तेवढं तोंडानं सांगायचं. भाव फक्त दोघांना कळतो, बाकीचे नुसते चेहरे पाहतात. जमलं की मालक "झालं!" म्हणून दुपट्टा झटकतो, झाडाचं एक संत्रं तोडून घेणाऱ्याच्या हातात देतो, आणि घेणारा ते तिथंच फोडून खातो. त्यानंतर मागं हटायचं नाही. प्रभाकररावांच्या पटाच्या कडेला हाच शेवटचा नियम लाल रंगात लिहिलेला होता: संत्रं फोडलं की माघार नाही.

दर बाजाराच्या दिवशी बोरगावचे नत्थूजी सौंसरला आले की प्रभाकररावांच्या ओसरीवर हा खेळ रंगायचा. नत्थूजींचा स्वतःचा खरा बगीचा होता. तरी चिंचोक्यांसाठीसुद्धा ते असे भांडत, की रस्त्यावरची माणसं थांबून विचारत, "जमिनीचं आहे का काही?"

गेल्या दिवाळीत सुधाबाईंचा सौरभ आला. नागपूरला मोबाईलचे खेळ बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत आहे. त्यानं पटाचे फोटो काढले आणि म्हणाला, "मावसाजी, हे डिजिटल करून टाकू." डिजिटल या शब्दानं प्रभाकररावांची छाती जी फुगली, ती पोळ्यापर्यंत फुगलेलीच होती.

पोळ्यानंतर खेळ आला. प्रभाकररावांनी फोन हातात घेतला. फोन मुळात नलिनीबाईंचा. त्यांना नवा आला तेव्हा हा वारसाहक्कानं यांच्याकडे आला होता. रघुनाथरावांना मुद्दाम बोलावण्यात आलं. जळफळाट समोर बसून व्हावा, अशी व्यवस्था होती. रघुनाथराव तहसीलमधून निवृत्त झालेले. जगातली सगळी दुःखं वेळेवर पावती न घेतल्यामुळे होतात, असं त्यांचं मत.

पहिला धक्का नावाचा. 'बगीचा'चा 'ऑरेंज किंग' झाला होता. दुसरा धक्का बसायच्या आतच काळा चष्मा घातलेलं एक संत्रं उड्या मारत पडद्यावर आलं आणि म्हणालं, "हाय दोस्त! मैं हूँ संतरू!"

"याला पाय काऊन आहेत?" प्रभाकररावांनी विचारलं.

"चालायला," रघुनाथराव म्हणाले.

प्रभाकररावांची सगळी नोकरी पोरांना संत्रं काढायला शिकवण्यात गेली. देठाजवळचा खळगा, सालीवरचे ठिपके, एका बाजूला पडलेली सावली. शाळेतल्या अत्यंत मठ्ठ पोरानंसुद्धा संत्र्याला कधी पाय काढले नव्हते. आणि हा सौरभ तर लहानपणी सुट्टीत याच ओसरीवर बसून चित्रं रंगवून गेलेला!

पुढं पट दिसला. जाम नदी गायब. तिच्या जागी निळाशार समुद्र आणि काठानं नारळाची झाडं. सौंसर तालुक्याला समुद्र देण्याचं आजवर कोणी निवडणुकीतही कबूल केलं नव्हतं. मारुती तर नव्हताच. मग ढग गडगडले, गारा पडू लागल्या आणि दोन बटणं आली. एकावर लिहिलं होतं, 'नुकसान झेला', दुसऱ्यावर, 'व्हिडिओ पाहा, गारपीट टाळा'. नलिनीबाईंनी दुसरं दाबलं. एका माणसानं गालाला क्रीम लावून दाढी केली. ढग निघून गेले.

"एवढं सोपं होतं?" रघुनाथराव उठून बसले. "आम्ही इकडं पंचनामे करू करू मेलो ना!"

"दुपट्टा येऊ द्या," प्रभाकरराव कोरड्या आवाजात म्हणाले. "खेळ तिथंच आहे."

दुपट्टा आला नाही. एक हिरवं बटण आलं, एक लाल बटण आलं आणि वर टिकटिकणारं घड्याळ. समोरचं गिऱ्हाईक रॉकी नावाचं होतं आणि ते माणूस नव्हतं, फोनच होता. प्रभाकररावांनी भाव सांगितला. रॉकी म्हणाला, "डील!" ना हुज्जत, ना उसासा, ना उठून जायचं नाटक. सौंसरात एवढ्या वेळात माणूस "बसा"सुद्धा म्हणत नाही. वर एक वाकडा बाण आला आणि संतरू बोललं, "गलती हो गई? कोई बात नहीं, वापस लो!"

प्रभाकरराव उभे राहिले. "वापस? झालेला सौदा वापस? याला खेळ म्हणता? ही बेइमानी आहे, बेइमानी! उद्या म्हणाल लग्नातही बटण ठेवा!"

"ठेवलं तं काय वाईट?" नलिनीबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

आता राहिलं नाव. ते शोधायला रघुनाथरावांनी चष्मा लावला. बऱ्याच आत, आभारांच्या यादीत, चहा आणणाऱ्या पोराच्या खाली आणि ऑफिसच्या कुत्र्याच्या खाली ते सापडलं: 'ब्रुनो, आणि मावसाजी, सौंसर.'

"कुत्र्याचं पूर्ण नाव आहे," रघुनाथरावांनी नोंद केली. चेहऱ्यावर जळफळाट नव्हता. जे होतं ते पाहवत नव्हतं. "मी म्हणतो, पट देताना पोच घेतली होती का?"

"घरचा पोरगा आहे हो."

"घरच्याचीच तं घ्यायची असते! परका माणूस ओशाळून तरी परत देते. बरं, आता रीतसर तक्रार टाका."

तक्रारीची सोय आतच होती. प्रभाकररावांनी शुद्ध मराठीत विचारलं, 'माझ्या खेळातील दुपट्टा कोठे आहे?' क्षणात उत्तर आलं: 'आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे. कृपया फोन बंद करून पुन्हा चालू करा.' प्रभाकररावांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. दुपट्टा आला नाही.

"मंग चांदण्या द्या," रघुनाथराव म्हणाले. "एकच द्या."

"एकही देणार नाही."

"एक द्यावीच लागते. नियम आहे."

तेव्हा प्रभाकररावांनी नाइलाजानं एक चांदणी दिली आणि खाली अभिप्राय लिहिला. संध्याकाळभर लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'ज्याला हात धरायची लाज वाटते त्याने सौद्यात पडू नये. या खेळात हात धरायला कोणी नाही. रॉकी निर्जीव आहे.' लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. फोनच्या आतलं खातं अजून बायकोच्या नावावर आहे, हे मात्र ध्यानात आलं नाही. सगळ्या जगाला दिसलं ते असं की नलिनी नावाच्या कोणा बाईनं रॉकीबद्दल ही तक्रार केली आहे.

सकाळीच नागपूरहून सुधाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता.

"काऊन गं नलू? या वयात कोणाचा हात धरायचा आहे तुले? आणि माह्या पोराच्या नोकरीवर उठली? त्याचा साहेब विचारून राहिला ना, ही नलिनी कोण म्हणून!"

नलिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग बहिणीला म्हणाल्या, "घे, माझ्याजवळच उभा आहे तुझा रॉकी."

त्या रविवारी सौरभ स्वतः आला, सोबत मानसी नावाची मुलगी घेऊन. खेळात काय राहील आणि काय जाईल, ते तिच्या हातात होतं. मुलगी हुशार. आल्या आल्या नलिनीबाईंना नमस्कार केला, चिवडा मागून घेतला आणि सरळ मुद्द्यावर आली.

"सर, मोठी जाहिरात करायच्या आधी आम्ही एकदाच बदल करणार आहोत. दुपट्ट्यानं एवढं काय बदलतं, ते मला दाखवा. पटलं तर टाकू. नाही पटलं तर बटणच राहील."

"पटलं म्हणजे?" प्रभाकरराव तापले. "आधी कुत्रा, मग मी, आणि वर मीच पटवून द्यायचं? चला बोरगावला! ओसरीवर नाही, झाडाखाली दाखवतो!"

रघुनाथराव साक्षीला म्हणून गाडीत बसले. बोलावलं कोणीच नव्हतं.

नत्थूजींचा बगीचा नेमका रंगावर आलेला. मोठा भाग व्यापाऱ्यानं आधीच घेतलेला होता. फक्त नाल्याकाठची एक ओळ त्यानं सोडली होती. त्या झाडांना चव नाही, असं तो म्हणे. नत्थूजींनी पाहुण्यांना त्याच ओळीखाली बसवलं. सावली चांगली आहे म्हणाले. बांधावर गावातली दोघं-चौघं रिकामी माणसं होतीच, ती जवळ सरकली. मानसीनं फोन सरसावला. प्रभाकररावांनी बाह्या वर केल्या, नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला.

"हजारात बोलून राहिलो बरं, गुरुजी," नत्थूजी म्हणाले.

"हजारात," प्रभाकरराव म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे वळले. "पाहा, यांच्या चेहऱ्याकडे पाहा. काही कळतं?"

मानसीला काही कळलं नाही. कळण्यासारखं तिथं काही नव्हतंच; नत्थूजींचा चेहरा रिकाम्या टोपलीसारखा होता. प्रभाकररावांनी आत दोन बोटं धरली.

"अरे बाप्पा!" नत्थूजी विव्हळले. "मेलो ना गुरुजी! दोघाचौघांत इज्जत घेता का माही?"

"पाहिलं? रॉकीला येतं हे?" प्रभाकररावांना रंग चढला. आता ते मास्तर नव्हते, वारसाहक्कानं मिळालेला फोन बाळगणारे पेन्शनर नव्हते. साक्षात व्यापारी होते. त्यांनी हात काढून घेतला, उठून जायचं नाटक केलं, चार पावलं गेलेसुद्धा. नत्थूजींनी हाका मारून परत बोलावलं. पुन्हा दुपट्टा. पुन्हा बोटं. नत्थूजींनी आत अख्खा पंजा दाबला, यांनी तीन बोटांवर धरून ठेवलं. नत्थूजींच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. मानसीनं फोन आणखी जवळ नेला. सौरभ तर सोबत आणलेला चिवडा खायचा विसरला. शेवटी प्रभाकररावांनी उदार होऊन चौथं बोट धरलं आणि हात दाबला.

"झालं!" नत्थूजींनी दुपट्टा झटकला, वाकलेली फांदी ओढून एक संत्रं तोडलं आणि प्रभाकररावांच्या हातात ठेवलं.

"सर, इकडे बघून खा ना," मानसी म्हणाली. "उजेड छान आहे."

प्रभाकररावांनी संत्रं फोडलं, फोड तोंडात टाकली. व्यापारी खोटं बोलला नव्हता. कान गरम व्हावेत इतकं ते आंबट होतं. तरी ते कॅमेऱ्याकडे बघून हसले. कलेसाठी माणसाला सोसावं लागतं.

बांधावरून आवाज आला, "गेली म्हणा नाल्याकाठची ओळ! गुरुजीनं घेतली!"

सगळे हसले. प्रभाकररावही हसले. नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी दुपट्ट्याची नीट घडी घातली, खांद्यावर टाकला आणि विचारलं, "मंग तोडाई कधी लावता, गुरुजी?"

"कसली तोडाई?"

"तुमच्या संत्र्याची."

"नत्थूजी, हे दाखवायसाठी होतं ना हो!"

"मी कुठं दाखवायसाठी झाडं लावली?"

"अहो, ती पोरगी चित्र काढून राहिली होती! समोर!"

"बेस झालं ना मंग. पुरावा झाला."

प्रभाकररावांनी आधारासाठी रघुनाथरावांकडे पाहिलं. रघुनाथरावांनी तिढा सर्व बाजूंनी तपासला. "पुरावा तं आहे," ते म्हणाले. "चांगल्या उजेडातला आहे. पोचच म्हणा. मी म्हणत नव्हतो?"

"नत्थूजी," प्रभाकररावांनी आवाज खाली आणला, "आपली एवढ्या वर्षांची बैठक. एक वेळ... म्हणजे एवढ्या वेळेपुरतं... मागं घेता नाही येणार का?"

नत्थूजी दुखावले. खरोखर दुखावले. "गुरुजी, तुमच्या पटावर लाल रंगानं काय लिवलं हाय? मी चिंचोके हरलो तवा मले माघार देली का तुमी? अख्खी ओसरी साक्षीले हाय. मी एक शब्द बोललो का?"

ते खरं होतं. एक शब्द बोलले नव्हते, पुष्कळ बोलले होते. पण माघार मागितली नव्हती.

सौरभ हळूच म्हणाला, "मावसाजी, आमच्या खेळात 'वापस लो' होतं."

त्या वाक्यानं जे झालं ते आंबट संत्र्यानंही झालं नव्हतं. एवढ्यात मानसीनं फोन खाली केला आणि अगदी सरळपणे विचारलं, "म्हणजे सर, हे खरंच बांधील असतं? की नुसतं असं म्हणायचं असतं?"

प्रभाकररावांनी एकदा झाडांकडे पाहिलं. एकदा नत्थूजींच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे पाहिलं. नाही म्हटलं तर पैसे वाचत होते आणि दुपट्टा जात होता. मग रॉकी खरा, बटण खरं, आणि कुत्र्याच्या खालची जागा कायमची पक्की. त्यांनी तोंडातली बी बाजूला थुंकली.

"असं म्हणायचं असतं म्हणजे काय, पोरी?" ते गरजले. "संत्रं फोडलं आहे मी!"

पैसे बैठकीच्या रंगरंगोटीसाठी ठेवलेले होते. ते बोरगावला गेले. भिंतीचे पोपडे घरीच राहिले आणि त्यांच्या सोबतीला संत्री आली. दिवाणाखाली आली, न्हाणीत आली, देवघरासमोर आली. आता सौंसरात संत्री विकायची कोणाला? प्रत्येकाच्या घरी आधीच कोणाच्या तरी बगीच्याची थैली येऊन पडलेली असते. वाटायलाही संकोच, कारण घेणारा खाऊन पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी रस्ता बदलायचा. रघुनाथरावांनी एक थैली नेली आणि चवीबद्दल तोंडी अहवाल दिला. सुधाबाई बसनं आल्या, दोन पेट्या बांधून घेतल्या आणि भिंतीपासून न्हाणीपर्यंत नजर टाकून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तं कमाल केली." शब्द ठरल्याप्रमाणेच होते. चाल वेगळी होती.

नलिनीबाईंनी मुरंबा केला, सरबत केलं, साली वाळवल्या. एका दुपारी हात पुसत त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं."

प्रभाकररावांनी चमकून वर पाहिलं.

"जुना फोन तुम्हाला द्यायलाच नको होता."

बदललेला खेळ पुढं एका बाजाराच्या दिवशी आला. बातमी नत्थूजींनीच आणली. त्यांनीही फोन घेतला होता. नाल्याकाठची ओळ चांगली गेली होती. ओसरीवर बसून त्यांनी प्रभाकररावांना दाखवलं. दुपट्टा आला होता! हिरवं बटण नाही, घड्याळ नाही. समोर दुसऱ्या गावचा खरा माणूस, आणि त्यानं आपलं बोट धरलं की फोन हातात थरथरायचा. 'वापस लो' गेलं होतं. प्रभाकररावांचे डोळे भरून आले.

"माझ्यात कसा नाही दिसत?" त्यांनी स्वतःचा फोन हलवून पाहिला.

"तो असा नसते भेटत, गुरुजी. दुकानात हाय. मले त्या पोरीनं फुकट देला, मालक म्हणून."

खेळातलं दुकान उघडलं. संतरूच्या चष्म्यांच्या रांगेखाली ते होतं. पडद्यावर, ठळक अक्षरांत, कुत्र्याबित्र्याचा मागमूस नसलेलं, पहिल्यांदाच पूर्ण नाव: 'प्रभाकर दुपट्टा'. आणि त्याच्या खाली किंमत, एकोणपन्नास रुपये.

"माझाच दुपट्टा मला विकून राहिले हे?" प्रभाकरराव ओरडले. "माझ्या नावाचा? माझ्याच खेळातला? एक पैसा देणार नाही! लिहून घ्या!"

"नोका देऊ," नत्थूजी शांतपणे म्हणाले आणि आपला डाव पुढं खेळू लागले. त्यांच्या बगीच्यावर ढग आले, गारा पडू लागल्या. त्यांनी व्हिडिओचं बटण दाबलं. आता दाढी करणारा माणूस नव्हता. नाल्याकाठच्या चांगल्या उजेडात बसून प्रभाकरराव संत्रं फोडत होते, फोड तोंडात टाकत होते आणि देशातल्या तमाम खेळाडूंकडे पाहून हसत होते. ढग निघून गेले.

"दिवसातून किती खेप खाता हो गुरुजी माह्यं संत्रं!" नत्थूजी म्हणाले.

नत्थूजी बसमध्ये बसल्यावर प्रभाकररावांनी ओसरीचं दार लोटलं, इकडंतिकडं पाहिलं आणि एकोणपन्नास रुपये भरले.

तेव्हा हिशोब असा बसला. सौरभला बढती मिळाली, मानसीला जाहिरात मिळाली, नत्थूजींची व्यापाऱ्यानं नाकारलेली झाडं विकली गेली. सुधाबाईंना पेट्या, रघुनाथरावांना थैली आणि आयुष्यभर सांगायला एक दाखला. दुपट्टा खेळात राहिला, आणि बैठकीला रंग पुढच्या दिवाळीला. फोन थरथरला, संदेश आला: 'धन्यवाद, नलिनी जी! प्रभाकर दुपट्टा आता तुमचा आहे.' प्रभाकररावांनी घाईघाईनं तो वाकडा बाण शोधला. दुपट्टा घेणाऱ्याला बाण मिळत नाही, असं खाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. दुपट्टा नलिनीबाईंच्या नावावर चढला. पैसे भरले प्रभाकररावांनी.